गॅस्ट्रिक बँडनंतर शेंगदाणे, काजू, बदाम कसे आणि किती खावेत

वजन उतरवण्यासाठी गॅस्ट्रिक बँड बसवून घेतलेल्या माणसाला सुकामेव्याबद्दल दोन टोकांचे सल्ले मिळतात. बदाम-अक्रोड पौष्टिक आहेत, हवे तेवढे खा, असे एक जण सांगतो. ते बँडमध्ये अडकतात, आयुष्यभर हात लावू नका, असे दुसरा. माझ्या पोटात बँड बसून चौदा वर्षे झाली. हे दोन्ही सल्ले मी काही काळ पाळून पाहिले आणि दोन्हींनी माझे नुकसानच केले. पहिल्यामुळे वजन उतरायचे थांबले. दुसऱ्यामुळे मी घरच्या निम्म्या भाज्या आणि कोशिंबिरी टाळू लागले, कारण आमच्या ठाण्याच्या घरात दाण्याचे कूट घातल्याशिवाय फारसे काही शिजत नाही, आणि भुकेपोटी जे खात गेले ते त्याहून वाईट होते. दाणे आणि सुकामेवा खाता येतो, त्यासाठी काही गोष्टी मात्र काटेकोरपणे पाळाव्या लागतात. त्या येथे क्रमाने लिहीत आहे. आपल्या सर्जनने किंवा आहारतज्ज्ञांनी यापेक्षा वेगळे सांगितले असेल, तर त्यांचे म्हणणे प्रमाण मानावे, कारण आपला बँड किती घट्ट आहे हे त्यांना माहीत असते.

आधी बँड काय करतो आणि काय करत नाही हे समजून घ्यावे. सिलिकॉनची ही कडी जठराच्या वरच्या टोकाभोवती बसवतात. तिच्या वर जठराचा जो छोटा कप्पा उरतो त्यात सुरुवातीला साधारण १५ ते ३० मिलिलिटर, म्हणजे एक-दोन मोठे चमचे, एवढेच मावते. कडीच्या आतल्या बाजूला फुग्यासारखी पोकळी असते. ती त्वचेखाली बसवलेल्या पोर्टला, म्हणजे सुई टोचता येईल अशा छोट्या डबीला, नळीने जोडलेली असते आणि पोर्टमधून सुईने सलाइन भरून किंवा काढून बँड घट्ट अथवा सैल करता येतो. नीट चावलेला घास वरच्या कप्प्यात साठून राहत नाही. अन्ननलिकेच्या आकुंचनांनी तो एक-दोन मिनिटांत कडीतून पलीकडे ढकलला जातो आणि त्या वेळी तिथे पडणाऱ्या दाबामुळे भूक शमल्याची जाणीव होते. आतड्यांना या शस्त्रक्रियेत हात लावलेला नसतो, त्यामुळे जे खाल्ले ते पूर्वीसारखेच पूर्ण शोषले जाते. बँडला घासाचा आकार कळतो, त्यातल्या कॅलरी कळत नाहीत.

सुकामेव्याची अडचण इथेच सुरू होते. बदाम अर्धवट चावून गिळला, तर त्याचा टणक तुकडा कडीच्या तोंडाशी अडकतो. तोच बदाम चावून चावून लगदा केला, तर तो तेलकट लगदा सहज पलीकडे सरकतो आणि पोट भरल्याची जाणीव फारशी होतच नाही. १०० ग्रॅम बदामांत सुमारे ५८० कॅलरी असतात, काजूंत ५५०, शेंगदाण्यांत ५६५ आणि अक्रोडांत ६५०. रोज २८ ग्रॅम, म्हणजे सुमारे २३ बदाम, ठरलेल्या आहाराच्या वर खाल्ले तर दिवसाला १६० कॅलरी वाढतात. एक किलो चरबीमागे ७,७०० कॅलरी धरल्या, तर कागदावरच्या हिशेबाने महिन्याला अर्ध्या किलोहून अधिक वजन इथेच अडते. बँडनंतर आठवड्याला अर्धा ते एक किलो वजन उतरणे योग्य मानतात, हे लक्षात घेतले म्हणजे या मूठभर बदामांचे वजन कळते.

सुरुवात केव्हा करावी

शस्त्रक्रियेनंतर आधी पातळ, मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ आणि शेवटी नेहमीचे जेवण, अशी चढण असते आणि नेहमीच्या जेवणावर यायला साधारणपणे दीड महिना लागतो. या काळात अख्खा दाणा तोंडात टाकू नये. सगळ्यांचे जेवण एकाच दिवशी पूर्ववत होत नाही, म्हणून तारखेपेक्षा अनुभवाकडे पाहावे: मऊ पोळीचा तुकडा, शिजलेली उसळ आणि मासा हे सलग आठ-दहा दिवस विनातक्रार उतरत असतील, तरच डॉक्टरांना विचारून दाण्यांकडे वळावे.

पहिली पायरी म्हणून अगदी बारीक कुटलेले दाणे दह्यात कालवून घ्यावेत. दोन चहाचे चमचे पुरे. ते आठवडाभर सोसले, तर रात्रभर भिजवून साल काढलेले दोन-तीन बदाम घ्यावेत. साल काढण्याचा आळस करू नये, कारण गर चावून मऊ होतो पण सालीचे पापुद्रे तसेच राहतात आणि तेच कडीच्या तोंडाशी गोळा होतात. भाजलेल्या शेंगदाण्यांची तांबडी साले पाखडून टाकावीत तीही याचसाठी. भिजल्यावर बदामाचे वजन पाण्याने वाढते, म्हणून वजन करायचे ते भिजवण्याआधी. अक्रोड मुळातच ठिसूळ असल्यामुळे बहुतेकांना लवकर जमतो. भाद्रपदात बाजारात ओल्या शेंगा येतात, त्या मीठ घालून उकडल्या की आतला दाणा उकडलेल्या वाटाण्यासारखा मऊ होतो आणि पाणी धरल्यामुळे त्यात तेवढ्याच वजनाच्या भाजलेल्या दाण्यापेक्षा बऱ्याच कमी कॅलरी असतात. बँडवाल्या माणसासाठी शेंगदाण्याचे याहून चांगले रूप मला माहीत नाही. तळलेले मसाला काजू, खारे दाणे आणि चिक्की मात्र बाजूला ठेवावी. मिठाने तहान लागते आणि खाता खाता पाणी पिण्याची इच्छा होते. चिक्कीत गुळाचा पाक दाढांना चिकटतो आणि दाणा चावला जायच्या आधीच गिळला जातो.

मोजून घेणे

मुठीचे माप सोडून द्यावे, कारण मूठ भुकेप्रमाणे मोठी होते. स्वयंपाकघरात एक-एक ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा ठेवावा. वजन उतरवण्याच्या काळात माझ्या आहारतज्ज्ञांनी मला दिवसाला सगळ्या प्रकारचे मिळून १५ ग्रॅम ठरवून दिले होते. ते साधारण १२ बदाम किंवा अक्रोडाच्या सात फाका होतात, आणि कॅलरी ८५ ते १००. आपला आकडा वेगळा असू शकेल, पण आकडा असला पाहिजे.

काजूंच्या बाबतीत नुसती संख्या फसवते. वाशीच्या एपीएमसी या घाऊक बाजारातील मसाला मार्केटमध्ये, किंवा ठाण्यात जांभळी नाक्याच्या दुकानांत, काजू १८०, २४०, ३२० अशा नंबरांनी विकतात. हा नंबर म्हणजे एका पौंडात, अर्थात सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, बसणाऱ्या काजूंची संख्या. त्यामुळे नंबर जितका लहान तितका काजू मोठा: ३२० नंबरचा एक काजू जवळपास दीड ग्रॅमचा आणि ८ कॅलरींचा असतो, तर १८० नंबरचा अडीच ग्रॅमचा आणि १४ कॅलरींचा. दहा काजू म्हणून मोजताना हा फरक पावणेदोन पटींचा पडतो. मी ३२० नंबरच घेते. काजूतुकडा स्वस्त मिळतो, पण तो मोजता येत नाही आणि येता-जाता चिमूटभर तोंडात टाकला जातो, म्हणून घरी आणत नाही. सालीसकट पिस्ते मात्र आणावेत, कारण एकेक सोलावा लागत असल्याने खाण्याचा वेग आपोआप मंदावतो आणि किती खाल्ले याचा पुरावा टरफलांच्या रूपाने समोर राहतो. फक्त ते बिनमिठाचे मिळवावेत.

घाऊक बाजारातून किलोभर आणणे खिशाला परवडते, पण किलोभराची पिशवी कपाटात उघडी राहिली की बँडचा काही उपयोग राहत नाही. आणल्या दिवशीच सगळा माल पंधरा-पंधरा ग्रॅमच्या छोट्या डब्यांत भरावा, आठवड्याचे डबे बाहेर ठेवावेत आणि उरलेले फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवावेत. आपल्याकडच्या दमट हवेत पावसाळ्यात दाण्यांना बुरशी लवकर धरते, म्हणूनही हे चांगले. बुरशी आलेले किंवा कडवट, खवट लागणारे दाणे निवडून उरलेले वापरू नयेत. सगळे टाकून द्यावेत, कारण बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही.

न दिसणारे दाणे

हाताने खाल्लेले बदाम आपण मोजतो, पातेल्यातले दाणे मोजत नाही. वर्षभर माझी चूक नेमकी हीच होती. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, मेथीची पातळ भाजी, पोहे, दाण्याची सुकी चटणी, खोबरे-लसणाची चटणी, अशा एका दिवसाच्या जेवणात माझ्या पानात किती कूट आणि सुके खोबरे येते, ते मी एकदा सासूबाईंच्या शेजारी बसून काट्यावर तोलले. ते ३४ ग्रॅम भरले. बदामांचे १५ ग्रॅम याच्या वर होते. सुक्या खोबऱ्यात तर १०० ग्रॅममागे सुमारे ६६० कॅलरी असतात आणि प्रथिने फारच कमी.

“कुटाशिवाय कोशिंबीर मिळून येत नाही गं,” हे सासूबाईंचे म्हणणे खरेच होते, म्हणून आम्ही कूट बंद केले नाही, त्याची जागा बदलली. सगळ्यांची कोशिंबीर आधी कुटाशिवाय कालवायची, माझा वाटा काढायचा, त्यात सपाट भरलेला एक मोठा चमचा कूट घालायचे, म्हणजे आमच्या चमच्याने ८ ग्रॅम आणि सुमारे ४५ कॅलरी, आणि मग उरलेल्या कोशिंबिरीत घरच्या हाताने कूट पडते. ज्या दिवशी भरली वांगी असतात त्या दिवशी बदामांचा डबा उघडायचा नाही. दिवसाचे १५ ग्रॅम म्हणजे पानातले आणि हातातले मिळून, असा अर्थ लावल्यावरच माझे वजन पुन्हा उतरू लागले. पीनट बटरही याच हिशेबात धरावे. एका मोठ्या चमच्यात सुमारे ९५ कॅलरी असतात, आणि चावण्याचे काम आधीच झालेले असल्यामुळे बँड त्याला अजिबात अडवत नाही.

इथे एका गैरसमजाबद्दल लिहिणे भाग आहे. बँडनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे सांगतात, आणि दाण्यांत प्रथिने भरपूर असतात, म्हणून ती उणीव बदामांनी भरून काढायचा मोह होतो. हिशेब करून पाहावा. ६० ग्रॅम प्रथिने केवळ बदामांतून मिळवायची तर सुमारे २८५ ग्रॅम बदाम लागतील आणि त्यात १,६५० कॅलरी येतील, जेव्हा आपला सगळ्या दिवसाचा आहारच बहुधा हजार-बाराशेचा असतो. उकडलेल्या एका अंड्यात जी सहा ग्रॅम प्रथिने साधारण ७५ कॅलरींत मिळतात, त्यांच्यासाठी बदामांत १६० कॅलरी मोजाव्या लागतात. प्रथिनांसाठी मासे, अंडी, दही, पनीर, मऊ शिजवलेली मटकी-मुगाची उसळ यांकडे पाहावे आणि पानातला पहिला घास त्यांचाच घ्यावा. दाणे खायचे ते चवीसाठी, चांगल्या स्निग्धांशासाठी आणि चोथ्यासाठी. बँडनंतर जेवणच कमी झाल्याने अनेकांना बद्धकोष्ठ होते, तेव्हा हा चोथा उपयोगी पडतो, मात्र दोन जेवणांच्या मध्ये पाणी पुरेसे प्यायला हवे.

चावणे आणि थांबणे

एका वेळी एकच दाणा किंवा अर्धा बदाम तोंडात घ्यावा. पंचवीस-तीस वेळा चावावा, जिभेला कण लागेनासा झाला की गिळावा, आणि पुढचा उचलण्याआधी पूर्ण मिनिटभर थांबावे, कारण आधीचा घास कडीतून जायला तेवढा वेळ लागतो. खाताना पाणी, चहा, ताक काहीही पिऊ नये आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास प्यायचे नाही. इतके चावायचे म्हटल्यावर एक हिशेबही बदलतो. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की अख्ख्या बदामांतून शरीराला प्रत्यक्ष मिळणारी ऊर्जा छापील आकड्यापेक्षा कमी, त्यांच्या हिशेबात २८ ग्रॅममागे १७० ऐवजी सुमारे १२९ कॅलरी, असते, कारण न फुटलेल्या पेशींतले तेल न शोषले जाता बाहेर पडते. आपण मात्र बदामाचा लगदा करून गिळतो, तेव्हा या सवलतीवर विसंबू नये आणि छापील आकडाच धरावा.

टीव्हीसमोर, गाडी चालवताना किंवा लोकलमध्ये दाणे खाऊ नयेत. मी हे शिकले ते ठाणे-वाशी गाडीत. दुपारचे जेवण चुकले होते, शेंगदाण्यांची पुडी हातात होती आणि ऐरोली सोडताना मी चार-पाच दाणे एकदम तोंडात टाकून कसेबसे चावून गिळले. रबाळे येईपर्यंत छातीच्या मध्यभागी कोणी मूठ दाबून धरावी तशी कळ येऊ लागली आणि तोंडात सारखी चिकट लाळ भरू लागली. मी गाडीतून उतरून बाकावर बसले, आणि घास पाण्याने खाली ढकलावा म्हणून बाटली तोंडाला लावली. ते पाणी तर परत आलेच, पण दुखणे दुप्पट झाले.

अशा वेळी खाणे त्याच क्षणी थांबवावे, पाणी मुळीच पिऊ नये, लाळ रुमालात थुंकत राहावी, ताठ उभे राहून हळूहळू फेऱ्या माराव्यात आणि घास आपणहून पुढे जाईल किंवा वर येईल याची वाट पाहावी. बहुतेक वेळा तेवढ्याने मोकळे होते. त्यानंतर उरलेला दिवस पातळ पदार्थांवर काढावा, कारण आतला भाग सुजलेला असतो आणि त्यावर लगेच पोळी-भाजी गेली तर ती पुन्हा अडकते. काही तासांनंतरही पाण्याचा घोट किंवा स्वतःची लाळ गिळता येत नसेल, दुखणे वाढत असेल, ताप आला असेल किंवा उलटीत रक्त दिसले, तर सकाळपर्यंत न थांबता सर्जनला फोन करावा अथवा रुग्णालयात जावे. बँडमधले सलाइन काढून तो सैल करावा लागतो. सारखे अडकणे आणि सारख्या उलट्या होणे हे नेहमीचेच म्हणून सोडून देऊ नये. त्याने वरचा कप्पा ताणला जातो आणि बँड जागेवरून सरकू शकतो.

उपवास, सण आणि पाहुणचार

उपवासाचा दिवस मला सर्वांत अवघड वाटतो. साबुदाणा खिचडीत चिकट साबुदाणा आणि भरड कूट एकत्र येतात, आणि बँडच्या दृष्टीने याहून वाईट जोडी क्वचितच असेल, कारण साबुदाण्याचा गोळा होतो आणि त्यात दाण्याचे तुकडे धरून राहतात. एकादशीला वरीचा मऊ भात आणि दाण्याची पातळ आमटी घ्यावी, पण आमटीतले दाणे दिवसाच्या १५ ग्रॅममध्ये मोजावेत. सोबत दही ठेवावे. औषधे चालू असतील तर उपवास करावा की नाही हेही आधी विचारून घ्यावे.

कोजागिरीचे मसाला दूध, थंडाई, बदाम मिल्कशेक यांना बँड कसलाच अडथळा करत नाही. ते घोटागणिक सरळ खाली उतरतात आणि साखर, साय, सुकामेवा यांच्या कॅलरी एकदम पोटात जातात. अर्धा कप, बिनसाखरेचे आणि त्या दिवशी दुसरा सुकामेवा नाही, या बोलीवर मी घेते. दिवाळीत कार्यालयातून येणारे सुकामेव्याचे खोके घरी आल्या संध्याकाळीच वाटून टाकते. चिवड्यातले तळलेले दाणे आणि खोबऱ्याचे काप वेचून खाण्याची सवय अनेकांना असते, ती सुटेपर्यंत चिवड्याची वाटीच समोर घेऊ नये. तळ्यावर, म्हणजे मासुंदा तलावाच्या कडेने, फिरायला गेले की खाऱ्या दाण्यांची पुडी समोर येतेच. मी घरून निघतानाच आठ पिस्ते मोजून खिशात टाकते आणि फिरून झाल्यावर बसून खाते. उन्हाळ्यात कोकणातून ओले काजूगर येतात, त्यांची उसळ मऊ शिजवली तर सहसा अडकत नाही. तिच्यात वाटपाचे खोबरे आणि तेल किती पडले, तेवढे मात्र विचारून घ्यावे.

सलाइन भरून बँड घट्ट करून घेतल्यावर हे सारे काही दिवसांसाठी थांबवावे. डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा एक-दोन, पातळ आणि मग मऊ आहार घ्यावा, आठवडाभर अख्खा दाणा खाऊ नये आणि त्यानंतर पुन्हा दह्यात कालवलेल्या दोन चमचे बारीक कुटापासून सुरुवात करावी. पूर्वी सहज उतरणारे बदाम आता दोनदा अडकले, तर ते महिनाभर बंद ठेवावेत आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तसे सांगावे. बँड जास्त घट्ट झाला आहे का, हे त्यांना यावरून तपासता येते.